शोषणनळीची मर्यादा : मोट ते पाणबुडी पंप
(विदर्भातील विहिरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

प्रस्तावना

पाणी उपसण्याच्या साधनांचा इतिहास आपल्याकडे बहुधा शक्तीच्या भाषेत सांगितला जातो. बैलाची शक्ती गेली, तेलाच्या इंजिनाची आली, पुढे वीज आली आणि शेतकऱ्याचे कष्ट कमी झाले, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. हा क्रम चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. पंप किती अश्वशक्तीचा आहे यावर तो पाणी किती उंच ढकलू शकेल हे ठरते. तो किती खोलीवरून पाणी घेऊ शकेल हे मात्र त्याच्या शक्तीवर ठरत नाही. ते ठरते पंपाच्या खाली लोंबणाऱ्या शोषणनळीवर, म्हणजे ज्याला सर्वत्र सक्शन पाइप म्हणतात त्या नळीवर, आणि त्या ठिकाणच्या हवेच्या दाबावर.

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव वाघाडी नदीच्या काठी वसलेले आहे. काळी जमीन, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण आणि त्या पाषाणात खोदलेल्या विहिरी, हे या परिसराचे परिचित चित्र होय. कापूस हे येथील मुख्य पीक असून जिनिंग-प्रेसिंग हा त्यावर उभा राहिलेला उद्योग आहे. शेतातील विहीर आणि कारखान्यातील पंपघर ही दोन्ही ठिकाणे वरवर वेगळी वाटली तरी शोषणनळीचा नियम दोहोंना सारखाच लागू होतो. हा नियम प्रथम कसा समजला, महाराष्ट्रातील यंत्रयुगात त्याला कोणती उत्तरे शोधली गेली आणि त्या उत्तरांची कोणती किंमत मोजावी लागली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

मोटेला नसलेली मर्यादा

मोट हे पाणी वरून ओढून काढण्याचे साधन होते. चामड्याची मोट, तिला बांधलेला नाडा, तिच्या सोंडेला बांधलेला सोल, विहिरीच्या तोंडावरील चाक, बैलांची उतरती धाव आणि पाणी ओतले जाणारे थारोळे, अशी तिची रचना असे. बैल धावेवरून खाली जात, मोट वर येई आणि सोंड सैल होताच पाणी थारोळ्यात पडे. या व्यवस्थेत खोली वाढली की नाडा लांबवावा लागे, धाव लांब करावी लागे, बैल अधिक दमत आणि दिवसाकाठी निघणारे पाणी कमी होई. पण विशिष्ट खोलीनंतर मोट चालणारच नाही, असा कोणताही नैसर्गिक निर्बंध तिच्यावर नव्हता. मोटेची मर्यादा ही श्रमाची मर्यादा होती.

शोषणनळीची गोष्ट निराळी आहे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, ते केवळ बोलीपुरते खरे आहे. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावर दाब देणारी बाहेरची हवा ते पाणी नळीतून वर ढकलते. म्हणजे काम करते ती हवा, आणि हवेच्या कामाला एक ठरलेली सीमा आहे.

सीमेचा शोध

ही सीमा प्रथम कारागिरांच्या लक्षात आली, विद्वानांच्या नंतर. इटलीतील गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असा उल्लेख केला आहे की, पाण्याची पातळी सुमारे अठरा हातांपेक्षा खाली गेली की शोषण पंप पाणी देईनासा होतो, आणि दोष पंपाचा नसून खोलीचा आहे हे त्याला एका कारागिराने सांगितले. गॅलिलिओने याचे कारण मात्र चुकीचे दिले. पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनाने तुटतो, असे त्याला वाटले. त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग योजला आणि नळीत पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबतो याचे कारण बाहेरील हवेचा दाब हे आहे, अशी मांडणी केली. १६४८ साली पास्कालच्या सूचनेवरून त्याच्या मेहुण्याने तीच नळी फ्रान्समधील प्यूई द डोम या डोंगरावर नेली, तेव्हा वर पाऱ्याची उंची कमी भरली. जागा जितकी उंच, तितका हवेचा आधार कमी, हे यातून सिद्ध झाले.

७६ सेंटिमीटर पाऱ्याच्या तोडीचा पाण्याचा स्तंभ सुमारे १०.३ मीटर होतो. समुद्रकिनाऱ्यावरील आदर्श पंपाची ही कमाल सीमा होय. यापेक्षा एक हातही अधिक खोलीवरचे पाणी जगातील कोणताही पंप वर बसून घेऊ शकत नाही, मग तो पाच अश्वशक्तीचा असो वा पाचशे.

या सीमेशी पहिला मोठा सामना इंग्लंडमधील खाणींत झाला. थॉमस सेव्हरी याने १६९८ साली ज्या वाफयंत्राचा हक्क मिळवला, त्यात वाफ थंड करून निर्माण होणाऱ्या निर्वाताने पाणी वर घेतले जाई. साहजिकच यंत्र खाणीतील पाण्यापासून नऊ-दहा मीटरच्या आतच बसवणे भाग होते. न्यूकोमेन याच्या १७१२ च्या यंत्राने निराळा मार्ग काढला. यंत्र जमिनीवर ठेवून पंप खाली खाणीत उतरवला आणि दोहोंना लांब दांड्याने जोडले. यंत्रासह खाली उतरणे किंवा केवळ पंपाला खाली धाडणे, या दोन उत्तरांभोवतीच पुढील तीन शतकांचा इतिहास फिरत राहिला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रातील यंत्रपंपाचे आगमन

फिरत्या पंख्याच्या साहाय्याने पाणी बाहेर फेकणारा अपकेंद्री, म्हणजे सेंट्रिफ्यूगल, पंप युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस कल्पिला गेला आणि १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात ॲपोल्ड याच्या वक्र पात्यांच्या पंपाने त्याची कार्यक्षमता सर्वांसमोर आणली. महाराष्ट्रात त्याचा स्वदेशी जन्म होण्यास आणखी पाऊण शतक लागले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र यांनी शेतकऱ्याच्या घरात प्रवेश मिळवलेल्या या कारखान्यात १९२६ साली अपकेंद्री पंप तयार झाला. पुढे १९३० च्या दशकात सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने बनू लागली आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. इंजिन आणि पंप यांची जोडी मराठी मुलखातच तयार होऊ लागल्याने मोटेच्या विहिरीवर यंत्र बसण्याचा मार्ग मोकळा झाला.

अपकेंद्री पंपाला एक जन्मजात अडचण आहे. तो हवा बाहेर फेकून निर्वात करू शकत नाही. त्यामुळे सुरू करण्यापूर्वी पंप आणि शोषणनळी पाण्याने भरलेली असावी लागते. हे पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून नळीच्या तळाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. तिला शेतकरी फुटवॉल म्हणतात. फुटवॉलची झडप कचऱ्याने अडली किंवा सांध्यातून थोडी जरी हवा आत शिरली, तरी पंप फिरत राहतो पण पाणी येत नाही. पंपाने हवा धरली, हा आपल्याकडील वाक्प्रयोग या दोषाचे इतके अचूक वर्णन करतो की त्यास पर्यायी पारिभाषिक संज्ञेची गरज भासू नये.

गणिताची बाजू

दहा मीटरची सीमा प्रत्यक्षात सहा-सात मीटरवर का येते, हे समजून घेणे इतिहासाच्या अभ्यासकासही आवश्यक आहे. समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब सुमारे १० मीटर पाण्याइतका भरतो. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्याची वाफ होण्याची प्रवृत्ती त्यातील सुमारे ०.४ मीटर खाते. पंपाच्या तोंडाशी पाण्याचा ठरावीक दाब शिल्लक असावा लागतो. तो पंपागणिक बदलतो, पण उदाहरणादाखल ३ मीटर धरू. म्हणजे उंची आणि घर्षण या दोहोंसाठी मिळून साडेसहा मीटरच उरतात.

आता दर सेकंदास १० लिटर पाणी देणारा पंप आणि १० मीटर लांबीची लोखंडी शोषणनळी घेऊ. नळीचा व्यास ६५ मिलिमीटर असेल तर पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर होतो आणि नळी, एक वाक व फुटवॉल यांच्यातील घर्षणात सुमारे साडेतीन मीटर खर्ची पडतात. मग पंप पाण्याच्या पातळीपासून जेमतेम ३ मीटर उंचीवर चालेल. तीच नळी १०० मिलिमीटरची घेतली तर वेग सव्वा मीटरच्या आसपास येतो, घर्षण अर्ध्या मीटरवर येते आणि पंप ६ मीटर उंचीवर चालू शकतो. पंप तोच, इंजिन तेच, विहीर तीच. फरक केवळ नळीच्या जाडीचा, आणि तो फरक तीन मीटर खोलीचा आहे. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उतरणाऱ्या विहिरीत हे तीन मीटर म्हणजे ओलिताचे किती तरी दिवस.

सीमेपलीकडे गेल्यास काय होते? नळीतील दाब इतका घटतो की पाणी थंड असतानाच उकळू लागते. वाफेचे बुडबुडे पंख्याच्या पात्यांवर जाऊन फुटतात, खडी दळल्यासारखा आवाज येतो आणि धातूला खड्डे पडतात. कॅव्हिटेशन या नावाने ओळखली जाणारी ही घटना १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये वेगवान जहाजांच्या पंख्यांवर प्रथम अभ्यासली गेली.

या सर्वांतून शोषणनळीच्या आखणीचे नियम आले. नळी पंपाच्या तोंडापेक्षा जाड असावी. शक्य तितकी आखूड व सरळ असावी. पंपाकडे सतत चढती असावी, जेणेकरून मध्ये कोठेही हवेचा फुगा अडकणार नाही. पंपाच्या अगदी तोंडाशी वाक नसावा. जाड नळी पंपाच्या लहान तोंडाला जोडणारा निमुळता तुकडा वरच्या बाजूने सपाट असावा. आणि नळीचे खालचे तोंड पाण्यात पुरेसे बुडालेले असावे, अन्यथा भोवरा तयार होऊन हवा आत जाते. यातील एकही नियम खर्चिक नाही. तरीही पंपाच्या तोंडाचा जो व्यास तोच नळीचा, हा सोपा हिशेब दीर्घकाळ चालत आला. १९८० च्या दशकात गुजरातसह काही राज्यांत जुन्या पंपांच्या लोखंडी नळ्या आणि अरुंद फुटवॉल बदलून गुळगुळीत, जाड प्लास्टिक नळ्या व कमी अडथळ्याचे फुटवॉल बसवण्यात आले, तेव्हा त्याच पंपांचा ऊर्जाखर्च लक्षणीय प्रमाणात घटला. भारतीय मानक संस्थेनेही त्याच दशकात फुटवॉलसाठी स्वतंत्र मानक केले. यंत्र किर्लोस्करवाडीहून गावोगाव पोहोचले होते. त्याच्या नळीचे ज्ञान त्याच्यासोबत पोहोचले नव्हते.

विहिरीत उतरलेले यंत्र

दहा-पंधरा मीटर खोलीच्या विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पावसाळ्यानंतर चालतो आणि पाणी उतरले की बंद पडतो. यावर शेतकऱ्याने सेव्हरीचाच मार्ग स्वीकारला. विहिरीत गर्डर टाकून ओटा केला, त्यावर इंजिन व पंप बसवले आणि पाणी उतरेल तसा तो खाली नेला. मोटेच्या काळात खोदलेल्या विहिरी याची साक्ष देतात. वर थारोळ्याचे दगड, मध्यावर गर्डरसाठी भिंतीत पाडलेली खाच आणि त्याखाली नंतरच्या खोदाईचा उघडा पाषाण, असे तीन काळ एकाच विहिरीत वाचता येतात. लेखी दस्तऐवज नसलेल्या या इतिहासाचा दस्तऐवज म्हणजे ती विहीर होय.

या उपायाची किंमत मात्र मोठी होती. अरुंद विहिरीत इंजिनाचा धूर कोंडतो, आणि तेथे उतरणाऱ्या माणसाला त्याची चाहूल लागण्यापूर्वीच तो बेशुद्ध पडू शकतो. त्याला काढण्यासाठी उतरलेला दुसराही त्याच संकटात सापडतो. विजेचे पंप आल्यावर धूर गेला, पण ओल्या ओट्यावरील विजेच्या धक्क्याचा आणि पावसाच्या एका रात्रीत मोटार बुडण्याचा धोका आला. शोषणनळीची मर्यादा ही अशी माणसाच्या जिवावर येऊन ठेपणारी गोष्ट होती. नळी जाड करून वाचवलेला प्रत्येक मीटर म्हणजे विहिरीत उतरण्याची एक वेळ टळणे होय, या दृष्टीने मागील गणिताकडे पाहिले पाहिजे.

दुसरे, न्यूकोमेनचे उत्तरही महाराष्ट्रातच नव्याने साकारले. पिण्याच्या पाण्याच्या विंधन विहिरींसाठी जालना आणि सोलापूर येथे मजबूत हातपंप विकसित झाले. सोलापूरच्या रचनेवरून १९७० च्या दशकात इंडिया मार्क दोन हा हातपंप आकारास आला आणि पुढे देशभर पसरला. यात सिलिंडर पाण्याखाली असतो आणि वरचा दांडा त्यास लांब सळईने जोडलेला असतो. पाणी शोषले जात नाही, उचलले जाते. म्हणून हवेच्या दाबाची सीमा येथे लागू होत नाही.

कारखान्यातील पंपघर

पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश १९०५ साली यवतमाळ जिल्हा झाला. त्या सुमारास वऱ्हाडातील कापसाच्या व्यवहारात वाफेवर चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांनी स्थान मिळवले होते. वाफेच्या कारखान्याला बॉयलर लागतो, बॉयलरला पाणी पुरवणारा पंप लागतो, आणि येथे शोषणनळीचा नियम अधिक कडक होतो. इंधन वाचवण्यासाठी बॉयलरचे पाणी आधीच तापवले जाते. परंतु ९० अंश तापमानाच्या पाण्यात वाफ होण्याची प्रवृत्तीच सुमारे साडेसात मीटर दाब खाऊन टाकते. उरलेल्या तीनेक मीटरमध्ये पंपाची गरजही धड भागत नाही. म्हणून गरम पाणी खालून शोषून घेता येत नाही. त्याची टाकी पंपाच्या वर ठेवावी लागते. बॉयलरघरातील उंचावरची टाकी हा जागेच्या सोयीचा प्रश्न नसून निसर्गनियमाचा आहे.

वाफ गेली, वीज आली, तरी कापसाच्या कारखान्यात आगीची भीती कायम राहिली. येथे शोषणनळीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अग्निशमन पंप वर्षानुवर्षे उभा असतो आणि एका क्षणी त्याने पाणी दिलेच पाहिजे. जमिनीखालील टाकीतून शोषून घेणाऱ्या पंपाच्या फुटवॉलमधून पाणी हळूहळू झिरपून गेलेले असेल, तर आगीच्या वेळी तो हवा धरतो. म्हणूनच अग्निशमन व्यवस्थेत पाण्याची पातळी पंपाच्या वर राहील अशा रचनेस पसंती दिली जाते. गंजीला आग लागल्यावर पंपात बादलीने पाणी ओतण्यास कोणालाही वेळ नसतो.

मर्यादा संपल्यानंतर

मोटार आणि पंप दोन्ही पाण्यात बुडवणारा पाणबुडी पंप अमेरिकेतील तेलविहिरींत १९२० च्या दशकात रुजला. महाराष्ट्रात १९७०-७३ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी वाढत गेल्या आणि पुढील दशकांत पाणबुडी पंप सर्वसामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. या पंपाला शोषणनळीच नाही. तो पाण्याखाली बसून पाणी वर ढकलतो, आणि ढकलण्यास अश्वशक्ती पुरते. टॉरिचेलीची सीमा अशा रीतीने शेतातून नाहीशी झाली. विहिरीत उतरण्याचा धोका टळला, फुटवॉलची कटकट संपली, हे निःसंशय हिताचे झाले.

परंतु त्या सीमेने नकळत आणखी एक काम केले होते. काठावरचा पंप सहा-सात मीटरवर थांबत असे. ओट्यावरचा पंप विहिरीच्या तळाशी थांबत असे. शेतकऱ्याची इच्छा असो वा नसो, पाषाणातील खोलवरचे पाणी शिल्लक राहत असे. सीमा उठल्यावर हा संयम निसर्गाकडून माणसाकडे आला, आणि माणसाला तो कायद्याच्या रूपात लिहावा लागला. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहिरीवर निर्बंध आणला. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला आणि त्याने ६० मीटरपेक्षा अधिक खोलीच्या विहिरींवर मर्यादा घातली. पूर्वी हवेच्या दाबाने जो आकडा ठरवला होता, तो आता विधिमंडळाने ठरवला. पहिला आकडा मोडणे कोणालाही शक्य नव्हते. दुसरा मोडणे शक्य आहे, हाच दोहोंतील भेद होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, आपल्या प्रदेशातील जलउपशाचा इतिहास केवळ शक्तीच्या वाढीचा नसून शोषणाच्या मर्यादेशी केलेल्या झुंजीचा आहे. ओटा, हातपंप आणि पाणबुडी पंप ही त्या झुंजीची क्रमशः आलेली रूपे आहेत. दुसरी, यंत्राचा प्रसार आणि यंत्राच्या ज्ञानाचा प्रसार या भिन्न गोष्टी आहेत. नळी किती जाड असावी, एवढी साधी माहिती पंपासोबत न पोहोचल्याने वीज, तेल आणि काही प्रसंगी माणसाचा जीव खर्ची पडला. तिसरी, तंत्राने नैसर्गिक मर्यादा ओलांडली की ती मर्यादा नाहीशी होत नाही. तिची जबाबदारी समाजावर येते.

महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी टॉरिचेलीची नळी शिकतो, भूगोलाचा विद्यार्थी काळ्या पाषाणातील भूजल शिकतो आणि इतिहासाचा विद्यार्थी किर्लोस्करवाडीविषयी वाचतो. हे तिन्ही पाठ ज्या एका ठिकाणी एकत्र भेटतात ती जागा म्हणजे त्याच्या स्वतःच्या शेतातील विहीर होय. तिच्या भिंतीवरील खाचा वाचण्यास त्याला शिकवणे हे आपल्या सर्व विषयांचे संयुक्त कार्य ठरावे.